गावी परतलेली पोरं, जमिनीचा धंदा आणि माझा आल्याचा प्लॉट



आज खत-फवारणीचं लिहिणार नाही. तरी सुरुवात आल्यापासूनच करावी लागतेय.

माझा 14 गुंठ्यांचा आल्याचा प्लॉट आहे. अक्षय तृतीयेला लावलेला, गादीवाफे, ठिबक, बेणं घरचंच. जुलैपर्यंत रस्त्यानं जाणारा माणूस गाडी थांबवून बघायचा. ऑगस्टच्या शेवटाला वरच्या अंगाचे वाफे पिवळे पडायला लागले. एक गड्डा उपटला तर कंद मऊ आणि हाताला घाण वास. कंदकूज. मेटॅलॅक्झिल-मँकोझेबची आळवणी केली, चार दिवस बघितलं, पिवळं पुढंच सरकतंय. कृषी सहाय्यक आले, वाफ्यात टाचेनं खड्डा केला, त्यात पाणी साठलं. म्हणाले, "औषध राहू द्या, हे पाणी येतंय कुठनं ते आधी बघा."

वर जाऊन बघितलं. माझ्या वरचा गट दोन वर्षांपूर्वी विकला गेलाय. घेणाऱ्यानं या उन्हाळ्यात त्यात मुरूम भरून जमीन उचलली आणि तारेचं कंपाउंड घातलं. मधून जी ओघळ जायची ती बुजली. माझ्या आज्ज्याच्या वेळेपासून पावसाचं पाणी त्या ओघळीनं जायचं. आता ते माझ्या वाफ्यात उतरतंय.

आणि तो सौदा कुणी केला? माझ्या चुलत पुतण्यानं. म्हणून हे लिहितोय.

आमचा खटाव तालुका. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, हा माणसं बाहेर पाठवणारा मुलूख. खटाव, माण, खानापूर, आटपाडी, इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. दुसरी गेली मुंबईला माथाडीत. तिसरी पिढी पुण्याला, चाकणला कंपनीत. पुतण्या त्या तिसऱ्यातला. बी.कॉम., चाकणला कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला. 2020 च्या मे महिन्यात बायको-पोराला मोटारसायकलवर घेऊन आला तो परत गेलाच नाही. पगार अर्धा झालेला, खोलीचं भाडं पुरं.

पहिल्यांदा पाच गाई घेतल्या. दुधाचा दर पडला तेव्हा विकल्या. मग शेळ्या. मग एका कंपनीचं बियाणं विकलं. गावात त्याला हसणारी माणसं होती, त्यात मी पण होतो, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस गावातल्याच एका गलाईवाल्याला रस्त्याकडेची एकरभर जमीन पाहिजे होती. यानं जुळवून दिली. 60 हजार गुंठा, 24 लाखाचा व्यवहार, दोन्हीकडून दोन-दोन टक्के. म्हणजे 96 हजार, दोन महिन्यांत. त्या वर्षी माझ्या एकरभर कांद्याचे खर्च जाऊन 32 हजार राहिले होते. मी गप्प बसलो.

तेव्हापासून तो या धंद्यात आहे. महामार्गाकडेला एक गाळा घेतलाय. टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर तालुक्याचा नकाशा. व्हॉट्सॲपला रोज सकाळी "प्लॉट उपलब्ध". आमच्याकडं प्लॉट म्हटलं की आल्याचा नाहीतर बटाट्याचा. आता त्याच शब्दाचा अर्थ बदललाय आणि शब्दाबरोबर जमीनही बदलतेय.

असं करणारा तो एकटा नाही. आमच्या पंचक्रोशीत परतलेली निदान आठ-दहा पोरं यातच आहेत. त्याला कारण आहे. सातारा-लातूर महामार्ग झाला. जिहे-कठापूरचं पाणी नेर तलावात आलं. ज्या माळाला कुत्रं विचारत नव्हतं त्याला गिऱ्हाईक आलं. आधी पाणी येतं, मागोमाग रस्ता येतो, मग दर, आणि दराच्या मागं मधला माणूस. 2025 च्या जुलैत तुकडेबंदी शिथिल करायची घोषणा विधानसभेत झाली, तर दुसऱ्या दिवशी पारावर सगळेच एजंट झाल्यासारखे बोलत होते.

गावात या पोरांना दलाल म्हणतात, आणि तोंड वाकडं करून म्हणतात. माझं मत वेगळं आहे. गावाला असा माणूस पाहिजेच. आपल्यातले किती जण स्वतःचा सातबारा नीट वाचतात? गटाचा नंबर आणि क्षेत्र बघायचं की झालं. इतर हक्कात काय लिहिलंय, सोसायटीचा बोजा उतरलाय का, भोगवटादार वर्ग 1 का वर्ग 2, पुनर्वसनासाठी राखीव असा शेरा आहे का, बापाच्या माघारी फेरफार झालाय का, हे कोण बघतं? डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मोबाईलवर निघतो, पण निघालेला कागद वाचायचा कुणी? तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, आपल्या जिभेला तलाठीच) प्रत्येकाला बसवून समजवायला वेळ नसतो. वकील तालुक्याला. तेव्हा गावातलाच, चार बुकं शिकलेला, चार ठिकाणी खेटे घालायची तयारी असलेला पोरगा या कामात पडत असेल तर ते वाईट नाही. शहरात वॉचमनकी करण्यापेक्षा आणि गावात पुढाऱ्याच्या मागं गाडीत फिरण्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

पण या धंद्यात तो जे विकतो ते जमिनीआधी दुसरंच काही असतं. बाहेरचा एजंट आला तर आपण दहा प्रश्न विचारतो. गावातला आला की म्हणतो, आपल्या अमक्याचा पोरगा आहे, तो कशाला फसवेल. तो बापाचं, आज्ज्याचं, चुलत्याचं नाव विकत असतो. त्याच्या नकळत विकतो, आणि आपल्याला न विचारता.

माझ्यावर हे आलंय. गावातले एक तात्या, वाशीच्या मार्केटात माथाडी होते, निवृत्त होऊन आले. पेन्शनीचा पत्ता नाही, हातात फंडाचे पैसे. म्हणाले दोन गुंठे घेतो, दोन खोल्या बांधतो, भावकीच्या घरात भांडण नको. पुतण्यानं दाखवली जागा. दहा गुंठे बागायत, पाच जण मिळून एकच खरेदीखत, प्रत्येकाच्या वाट्याला दोन. दीड लाख गुंठा.

असं पाच-पाच जण मिळून का घेतात हे नवीन पोरांना सांगतो. तुकडेबंदीचा कायदा 1947 सालचा. पूर्वी कागदावर होता, एक-दोन गुंठ्याचे दस्त सर्रास व्हायचे. 12 जुलै 2021 ला नोंदणी खात्याचं परिपत्रक आलं आणि ते बंद झालं. 2023 ला प्रमाणभूत क्षेत्र खाली आणलं, जिरायत 20 गुंठे, बागायत 10 गुंठे. लगेच लोकांनी वाट काढली. दहा गुंठे मिळून घ्यायचे, नावं पाच लावायची, आणि आतल्या आत चुना टाकून वाटण्या करायच्या. दस्त होतो. सातबाऱ्याला नाव लागतं. माणूस खूश होऊन पेढे वाटतो.

पुढं काय झालं? तात्या घरासाठी कर्ज मागायला गेले. बँक म्हणाली, तुमचे दोन गुंठे कुठले ते दाखवा. सातबाऱ्यावर पाच नावं सामाईक, हद्द कुठंच नाही. वाटणी करून घ्या म्हणावं तर दहाच्या खाली तुकडा पडत नाही. जमीन बिनशेती नाही. आणि पुढचा रस्ता, ज्यावरून त्यांना जागा दाखवायला नेलं होतं, तो रस्ता मूळ मालकाच्या शिल्लक जमिनीत होता. कागदावर रस्ताच नाही.

तात्या माझ्या दारात आले. ओरडले नाहीत. पायरीवर बसले आणि म्हणाले, "तुझा पुतण्या म्हणून घेतली रं."

त्या रात्री मी पुतण्याला बोलावलं. तो म्हणाला, "आप्पा, मी खोटं काय बोललो सांगा. त्यांनी रस्त्याचं इचारलंच न्हाय."

म्हटलं, "इचारायला त्याला ठावं पायजे न्हवं? त्यानं आयुष्यभर पोती उचलली. तुला ठावं होतं का न्हवतं?"

ठावं होतं. तिथं तो गप्प झाला.

आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. त्यानं तात्यांकडनं घेतलेलं कमिशन परत दिलं, 6 हजार. सहा हजारानं काय होतंय? खरं काम पुढं केलं. मूळ मालकाच्या मागं आठ महिने लागून रस्त्याचा हक्क दस्त करून लिहून घेतला. त्यासाठी मालकाला पैसे द्यावे लागले, ते निम्मे यानं घातले. कर्ज अजून मिळालेलं नाही. तात्या भावकीच्याच घरात आहेत. मला रस्त्यात भेटले की "काय आप्पा, आलं कसं हाय" म्हणतात, आणि मलाच मान वर करवत नाही.

या धंद्यात खोटं बोलून फसवणारे आहेतच. दोन्हीकडं वेगवेगळा दर सांगून मधलं मारणारे आहेत. विकणाऱ्याला 40, घेणाऱ्याला 50, मधले 10 खिशात, वर कमिशन. त्यांच्याबद्दल लिहायचं कारण नाही, ते चोर आहेत हे सगळ्यांना कळतं. मला भीती वाटते ती न सांगणाऱ्यांची. कारण न सांगणारा माणूस रात्री नीट झोपतो.

कायदा काय करतो ते बघितलं. महारेराचा कायदा आपल्या राज्यात 1 मे 2017 पासून चालू आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा तर एजंटाला नोंदणी लागते. 2023 पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. पुतण्यानं तात्यांच्या प्रकरणानंतर ती दिली, पास झाला, सर्टिफिकेट काचेत लावलंय. चांगलं आहे. पण गंमत बघा. शेतजमीन या गटातनं त्या माणसाला विकायला मधे पडायचं तर ना परीक्षा, ना नोंदणी. फ्लॅट विकायला परवाना, आणि शेतकऱ्याची एकुलती एक जमीन विकायला चहाच्या टपरीवर बसणारा कुणीही चालतो. कृषी सेवा केंद्रवाल्याला औषधाची बाटली विकायला शिक्षणाची अट आहे, हे आपल्यातल्या कृषी पदवीधरांना माहीत आहे. बाटलीनं एक हंगाम जाईल. खरेदीखतानं पिढी जाते.

ज्या पोरांना गावी येऊन हा धंदा करायचाय त्यांना माझं सांगणं, मी काही त्यातला जाणकार नाही, दहावी पास माणूस आहे, पण जमीन ओळखतो. वर्षभराचा खर्च बाजूला असल्याशिवाय उतरू नका. पुतण्याला सलग सात महिने एक सौदा नव्हता, पेट्रोल आणि चहा मात्र रोज. पोटात भूक असली की माणूस सांगायचं ते गिळतो, तात्यांचा व्यवहार त्याच सात महिन्यांनंतरचा आहे. शेती सोडू नका, थोडी का होईना करा. गिऱ्हाईक शेतकरी आहे का ते आधी बघा, आपल्याकडं कुळकायद्यानं शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि खोटा दाखला काढून देणारा पुढं सगळ्यांना घेऊन बुडतो. तीस वर्षांचे फेरफार काढा. मोजणी झाल्याशिवाय बांधावर उभं राहून "इथनं तिथवर" म्हणू नका.

आणि जमीन बघायला चपला काढून जा. म्हणजे काय, तर ओघळ कुठनं जाते बघा. विहिरीत हिस्सा किती, पाळी कुणाची, पाईपलाईन कुणाच्या रानातनं आलीय, शेजाऱ्यानं ती उद्या अडवली तर काय. हे सातबाऱ्याच्या ओळीत सगळं सापडत नाही. पुतण्यानं माझ्या वरच्या गटाचे कागद चोख केले होते, मी स्वतः बघितलेत. ओघळ मात्र बघितली नाही. घेणाऱ्याला सांगितलं असतं की बाबा हे पाणी खाली आप्पाच्या रानात जातं, मुरूम भरताना दोन पाईप टाक, तर माझे वाफे वाचले असते. बरं, सगळं भरून तो माणूस तिथं करतो काय? काही नाही. दर वाढायची वाट बघतो. काळी, भारी, दोन हात खोल माती मुरमाखाली गेली. वर गाजरगवत. खरं सांगायचं तर त्याचा मला माझ्या आल्याइतकाच राग आहे.

आता माझ्या घरचं सांगतो, म्हणजे फक्त पुतण्याचंच काढलं असं कुणाला वाटायला नको.

माझा 32 गुंठ्यांचा तुकडा रस्त्याला लागून आहे. बोअर आटलेली, सोसायटीचं कर्ज थकलेलं, पोरीच्या नर्सिंगची फी. आपल्याच भागातला एक गलाईवाला, दुकान तामिळनाडूत, त्यानं पुतण्याकडं निरोप दिला, 90 हजार गुंठा. हिशेब करा, 28 लाख 80 हजार. मी तीन रात्री झोपलो नाही. जमीन विकायची नाही असं मी या पेजवर चार वेळा लिहिलंय, जुन्या पोस्ट आहेत, काढून बघा. तरी मनातनं मी बारा आणे तयार झालो होतो.

पुतण्या उतारा घेऊन आला. ओसरीत बसला, चष्मा लावला. म्हणाला, "आप्पा, तीन नावं हायत. तुमचं, आणि दोन्ही आत्यांचं."

म्हटलं, "आसू दे की. वडलांच्या माघारी वारसनोंद झाली तवा लागलीत. त्या सही करत्यात. कधी न्हाय म्हणल्या न्हाईत."

"हक्कसोड झालंय का?"

"तोंडी झालंय. भाऊबीजेला ओवाळताना म्हणल्यात, आमाला काय नगं."

तो म्हणाला, "तोंडी चालत न्हाय, आप्पा, दस्त लागतो. आन सही त्या करतील. पण हे 28 लाख 80 हजाराचं सौद्याचं कागद हाय, ह्यात तुमचा दोघींचा हिस्सा एवढा-एवढा हाय, हे आधी सांगून. मी स्वतः जाऊन सांगणार. न्हायतर मी ह्या सौद्यात न्हाय."

मंडळी, मी काय बोलणार? त्याला ओरडून मीच हे शिकवलं होतं. तीन सारखे हिस्से, म्हणजे बहिणींचे मिळून 19 लाख 20 हजार. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढाच हक्क आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ग्रामसभेत मीच एकदा वाचून दाखवलं होतं. पण बहिणींना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी इचारलंच न्हाय.

हे वाक्य लिहिताना हात थांबला. पुतण्याचंच वाक्य आहे.

त्याला या सौद्यात लाखाच्या वर कमिशन होतं. गलाईवाला म्हणतोय दिवाळीपर्यंत थांबतो, नाहीतर दुसरीकडं बघतो. सौदा मोडला तर पुतण्याचं या वर्षाचं गणित बिघडतंय, हे त्याच्या बायकोनं माझ्या मालकिणीला सांगितलं. तो स्वतः काही बोलला नाही.

काल थोरल्या बहिणीला फोन केला. सगळं सांगितलं, रकमेसकट. बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "दादा, ती वडाखालची पट्टी न्हवं? तिथं आई भांगलायची." पुढं म्हणाली, "भाऊबीजेला येतो दोघी. रानात जाऊ, मग बोलू." सही करणार का नाही, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

राहिलं आल्याचं. पाण्याची नैसर्गिक वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं दावा करता येतो, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. माझ्याकडं अजून तीन आठवडे होते. अर्ज लिहून तयार ठेवला होता. पण पुतण्या वरच्या मालकाला फोनवर फोन करून, शेवटी त्याच्या दुकानाच्या गावी रेल्वेनं जाऊन, दोन नऊ इंची पाईप टाकायला कबूल करून आला. परवा जेसीबी आला होता. मी खालच्या अंगानं दीड फूट खोल चर काढलाय. 14 गुंठ्यांतले चार गेले, दहा उभे आहेत. पुढच्या आठवड्यात फोटो टाकतो.